वहीतले नकाशे सापडले, पण जुन्या आरपीजींची गोडी का लागेना?

चौकटीची वही (प्रश्न)

कपाटाच्या वरच्या कप्प्यातले जुने कागद आवरताना मला गणिताची, चौकटींची एक वही सापडली. गणित तिच्यात एकही नाही. पहिल्या सोळा पानांवर पेन्सिलीने काढलेले भुयारांचे नकाशे आहेत: भिंतीसाठी ठळक रेघ, दारासाठी रेघेवर आडवी खूण, खाली उतरणाऱ्या जिन्यासाठी ‘खा’, आणि आपण नेमके कुठे येऊन पोचलो हे जिथे कळेनासे झाले होते तिथे प्रश्नचिन्ह. पुढच्या पानांवर निरनिराळ्या गावांतल्या माणसांची नावे आणि प्रत्येकापुढे त्याने सांगितलेला एखादा शब्द टिपलेला आहे. एका समासात ‘करुणा – मु, तीनदा’ असे लिहिले आहे. ‘अल्टिमा ४’ या आरपीजीतल्या (म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या संगणक-खेळातल्या) मंदिरात ध्यानाला बसल्यावर टाईप करायचा तो मंत्र होता, हे आठवायला मलाही थोडा वेळ लागला, ही वही दुसऱ्या कोणाच्या हाती पडली असती तर त्याने माझ्याविषयी काय समजूत करून घेतली असती, या विचाराने हसू आले.

वही मिटण्याआधीच मी ठरवले की हे खेळ पुन्हा खेळायचे. ‘अल्टिमा ४’ (१९८५), ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) आणि ‘मॉरोविंड’ (२००२) हे तिन्ही खेळ आजच्या संगणकावर फारशी खटपट न करता सुरू झाले, आणि तिन्ही मी दोन आठवड्यांच्या आत सोडून दिले. चित्रे जुनाट दिसतात म्हणून सोडले असे मुळीच नाही. झाले असे, की प्रत्येक खेळात पहिली अडचण येताच माझा हात आपोआप ब्राउझरकडे वळला, तिथे कोणीतरी संपूर्ण उकल लिहून ठेवलेलीच होती, आणि ती एकदा वाचल्यावर पुढचा खेळ म्हणजे दुसऱ्याने केलेल्या यादीवर टिचक्या मारण्याचे काम होऊन बसले. ज्या खेळांनी एके काळी माझ्या झोपेचे खोबरे केले, त्यांच्यासमोर आता मी जांभया देत होतो.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे. या खेळांमध्ये आपण जे अनुभवले ते खरोखर त्यांच्यात होते, की हाताशी भरपूर वेळ आणि दुसरे काहीच नसल्यामुळे आपण ते त्यांच्यात ओतले होते? ‘बालपण गेले, एवढेच’ हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मला पुरेसे वाटत नाही. ज्यांनी अलीकडे एखादा जुना आरपीजी शेवटपर्यंत नेला आहे त्यांनी तो कसा खेळला, हे कळले तर मला अधिक उपयोग होईल.

भुयारवासी

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या वहीतच आहे, असे मला वाटते, आणि ते थोडे विस्ताराने सांगायला हवे.

हे खेळ ज्या यंत्रांवर जन्मले त्यांच्याकडे जागाच नव्हती. ‘विझार्ड्री’चा पहिला भाग १९८१ मध्ये अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी ॲपल २ साठी तयार केला. त्या संगणकाच्या फ्लॉपीच्या एका बाजूवर १४० किलोबाइट मजकूर मावत असे. एवढ्यात राक्षस, मंत्र, शस्त्रे आणि प्रत्येकी २० गुणिले २० चौकोनांच्या दहा पातळ्यांचे भुयार बसवायचे, तर पात्रांचे संवाद, वर्णने आणि नकाशे यांना जागा उरणार कुठून? ती जागा खेळाबाहेर, कागदावर शोधली गेली. नकाशा तुम्ही काढायचा. मंत्राचे नाव तुम्ही पुस्तिकेत पाहायचे आणि अक्षर न चुकवता टाईप करायचे.

पुढच्या काळात तर छापील पुस्तिका हा खेळाचा अधिकृत अर्धा भागच झाला. ‘पूल ऑफ रेडिएन्स’ (१९८८) खेळताना पडद्यावर एवढेच येई, की तुमच्या हाती एक पत्र लागले आहे, पुस्तिकेतली अमुक क्रमांकाची नोंद वाचा. मग कीबोर्ड बाजूला सारून ती नोंद शोधायची. मद्यालयात ऐकू येणाऱ्या वार्ताही तशाच क्रमांकाने छापलेल्या असत, आणि त्यांपैकी काही धडधडीत खोट्या असत, कारण मद्यालयातल्या गप्पा जगात कुठेही तशाच असतात. त्याच वर्षीच्या ‘वेस्टलँड’च्या निर्मात्यांनी याहून खट्याळपणा केला. त्यांच्याही पुस्तिकेत क्रमांकित परिच्छेद होते, पण पाळी येण्याआधीच पाने चाळणाऱ्यांसाठी त्यांत बनावट परिच्छेद पेरलेले होते. त्यांत मंगळाशी संबंधित एक संपूर्ण कथानक आहे, आणि खेळात त्याचा मागमूसही नाही. मी ते आधीच वाचले होते. वाळवंटात मंगळवासी कधी भेटतील याची मी किती दिवस वाट पाहिली, ते सांगत नाही.

या सगळ्याचा परिणाम असा होई, की पडद्यावरच्या सहा जणांच्या तुकडीत सातवा सभासद तुम्ही असायचात आणि तुकडीची स्मरणशक्ती तुमच्याकडे असे. ‘अल्टिमा ४’ घ्या. त्यात माणसांशी बोलायचे म्हणजे एकेक शब्द टाईप करायचा. नाव आणि काम हे शब्द सगळ्यांनाच समजतात, पण बाकीचे शब्द त्यांच्या उत्तरांतूनच वेचावे लागतात. एका गावातल्या माणसाने सहज उच्चारलेला शब्द समुद्रापलीकडच्या दुसऱ्या कोणापुढे टाकला की तो माणूस एकदम उघड्या पुस्तकासारखा बोलू लागतो. खेळ त्यासाठी यादी दाखवत नाही. तो शब्द तुमच्या वहीत असेल तरच तो अस्तित्वात आहे.

याच खेळातली आणखी एक जागा मला फार मोलाची वाटते. जादूसाठी लागणाऱ्या वनस्पती विकणारी एक बाई आंधळी आहे. किती पैसे दिले हे तिला दिसत नाही; आकडा तुम्ही स्वतः टाईप करायचा. कमी आकडा टाकला तरी ती आभार मानते, माल देते आणि तुम्ही निघता. पडद्यावर इशारा नाही, गुण वजा झाल्याची घंटा नाही. कितीतरी तासांनंतर, सचोटीच्या मंदिराशी तुमचे काही केल्या जमेना, तेव्हा तुम्हाला आपली सगळी खरेदी आठवू लागते. या खेळात शेवटी मारायचा खलनायक नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, हेच उद्दिष्ट आहे, आणि खेळाचे निर्माते रिचर्ड गॅरियट यांनी ते फ्लॉपीवर चालणाऱ्या खेळात उतरवून दाखवले. उकल वाचून खेळणाऱ्याला मात्र पहिल्या ओळीतच कळते की आंधळ्या बाईला पूर्ण पैसे द्या. झाले! त्या बाईचा खेळ तिथेच संपला.

म्हणून माझे म्हणणे असे, की हरवले ते वय नव्हे. त्या खेळांनी तुमच्यावर सोपवलेले काम तुम्ही या वेळी दुसऱ्याकडून करवून घेतले, आणि जो उरला तो खरोखरच अर्धा खेळ होता. अर्धा खेळ कंटाळवाणा वाटणारच.

तिसरा फासा

मी या चर्चेत थोडी परकी आहे, आणि कदाचित म्हणूनच माझा अनुभव उपयोगी पडेल. मला या खेळांचे स्मरणरंजन नाही, कारण ते आले त्या काळात मी संगणकावर खेळतच नव्हते. ‘फॉलआउट’ (१९९७) मी पहिल्यांदा खेळले ते अवघ्या दोन वर्षांपूर्वी, तेही कोणाच्या आग्रहावरून आणि नाक मुरडत.

पहिले दोन तास नाक मुरडलेलेच होते. त्यानंतर एक गोष्ट घडली. अणुयुद्धानंतरच्या त्या जगात तुमच्या भूमिगत वसाहतीचे पाणी शुद्ध करणारे यंत्र बिघडलेले असते आणि त्याचा सुटा भाग शोधून आणायला तुमच्याकडे १५० दिवस असतात. मी दिवस उधळले. इकडेतिकडे फिरले, लोकांची फुटकळ कामे केली. दिवस संपत आलेले पाहून मी ‘हब’ या व्यापारी वस्तीतल्या पाणीवाल्यांना पैसे देऊन माझ्या लोकांसाठी पाण्याचे तांडे रवाना केले आणि आणखी १०० दिवस मिळवले. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते. पुढे मला कळले की मूळ आवृत्तीत या तांड्यांमुळे वसाहतीचा ठावठिकाणा बाहेर फुटतो आणि शत्रू तिथवर लवकर पोचतो. मी दयाबुद्धीने केलेल्या व्यवहाराची किंमत खेळाने मागच्या दाराने वसूल केली होती. नव्या खेळांत माझ्या प्रत्येक निर्णयानंतर ‘अमक्याला हे लक्षात राहील’ अशी पाटी झळकते. इथे कोणी काही बोलले नाही, आणि म्हणून मला ते अजून लक्षात आहे.

दुसऱ्या खेपेस मी मुद्दाम बुद्धीचा आकडा चारच्या खाली ठेवून पात्र तयार केले. सगळे संवादच बदलले. माझे पात्र हुंकार देते, लोक त्याच्याशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलतात, काही जण दया दाखवतात आणि काही हाकलून देतात. पहिल्या खेपेस मी शेवटच्या शत्रूसमोर पुरावा ठेवला होता, की त्याने घडवलेली नवी प्रजात वांझ आहे आणि म्हणून त्याची सारी योजना निष्फळ आहे; गोळी न झाडता त्याने स्वतःच स्वतःचा शेवट केला. दुसऱ्या खेपेस तेच दार माझ्यासाठी बंद होते, कारण जो माणूस वाक्य पूर्ण करू शकत नाही तो युक्तिवाद कसा करणार? एका आकड्याचा एवढा प्रामाणिक अर्थ लावणारा खेळ मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यानंतर ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ (१९९९) खेळले. त्याच्या संहितेत सुमारे ८ लाख शब्द आहेत असे सांगतात, आणि खेळताना ते खरे वाटते. लढाया सुमार आहेत, त्या मी सोसल्या. पण शवागारात जागा होणारा, पुन्हा पुन्हा मरूनही न मरणारा आणि आपल्याच मागच्या जन्मांनी करून ठेवलेल्या पापांशी ठिकठिकाणी गाठ पडणारा नायक मला दुसऱ्या कोणत्याही खेळात भेटलेला नाही.

तेव्हा, ‘आपण ते त्यांच्यात ओतले होते का’ या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. माझ्याकडे ओतायला काहीच नव्हते.

रात्रपाळी

वरचे दोन्ही प्रतिसाद सुंदर आहेत आणि मला दोन्ही अर्धेच पटले. आपल्या स्मरणशक्तीला चाळणी असते आणि तिच्यातून ‘फॉलआउट’ आणि ‘अल्टिमा’ तेवढे खाली उतरतात. त्याच वर्षांतले जे डझनावारी रटाळ खेळ आपण निम्म्यावर टाकून दिले, त्यांची नावेही कोणाला आठवत नाहीत. शिवाय जे उत्तम होते त्यांच्यातही निव्वळ वेळकाढूपणा किती होता, हे कोणीतरी सांगायला हवे.

‘पूल ऑफ रेडिएन्स’मध्ये एका मोठ्या लढाईनंतर काय करावे लागे ते आठवा. तळ ठोकायचा. प्रत्येक पुरोहिताच्या मंत्रांच्या यादीत जाऊन जखमा भरण्याचा मंत्र पाठ करायला सांगायचा. विश्रांती घ्यायची. मग एकेका पुरोहिताने एकेका जखमीवर तो मंत्र म्हणायचा, दरवेळी चारपाच कळा दाबून. तरी निम्मी तुकडी जखमीच, म्हणून पुन्हा पाठांतर, पुन्हा विश्रांती, आणि मध्येच राक्षसांची टोळी आली तर सगळे पहिल्यापासून. पुढच्या वर्षी त्याच मालिकेतल्या ‘कर्स ऑफ दि ॲझ्युअर बॉण्ड्स’ या खेळात ‘फिक्स’ नावाची एकच आज्ञा आली आणि हा सगळा सोहळा एका कळीवर आटोपला. त्या आज्ञेमुळे खेळाचा आत्मा हरपला, असे म्हणणारा एकही खेळाडू मला आजवर भेटलेला नाही.

‘बाल्डर्स गेट’चेही तेच. पहिल्या पातळीवरच्या जादूगाराला फार तर सहा प्राणांक, दिवसाला एक मंत्र, आणि रस्त्यात लांडगा. यात कसोटी कसली? आम्ही दर तीन पावलांनी सेव्ह करायचो आणि मेलो की लोड करायचो, हे त्या कसोटीचे खरे स्वरूप. एकदा मी घाईत आपल्याच सेव्हवर असा क्षण नोंदवून ठेवला, की लोड केल्याबरोबर पुढच्या सेकंदाला मरण ठरलेले. दुसरा सेव्ह ठेवला नव्हता, त्यामुळे आठवडाभराची मेहनत पाण्यात गेली. त्यात माझ्या मूर्खपणाखेरीज शिकण्यासारखे काही नव्हते. (त्या खेळात लोखंडाच्या टंचाईची कथा चालू असते आणि त्यामुळे तुमच्या हातातल्या साध्या तलवारीही लढाईत खरोखर मोडतात, ही योजना मात्र अप्रतिम आहे. कथा आणि नियम यांची अशी सांगड आता क्वचितच दिसते.)

भुयारवासी यांच्या म्हणण्यातला एक भाग मी बिनशर्त मान्य करतो, आणि त्याला उदाहरण ‘मॉरोविंड’चे देतो. तिथे कोणाचे घर शोधायचे तर माणूस तोंडी वाट सांगतो: पूल ओलांडा, फाट्यावर उत्तरेला वळा, उजवीकडे दोन खडक दिसले की टेकडी चढा. नकाशावर बाण नाही. क्वचित सांगितलेली वाट चक्क चुकीची असते. मूळ आवृत्तीतली रोजनिशी तर केवळ तारखेनुसार लिहिलेली होती आणि एखाद्या कामाची नोंद शोधायला पाने उलटत बसावे लागे. ‘ट्रायब्यूनल’ या विस्तारात ती कामानुसार लावायची सोय झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण बाण नसणे ही वेगळी गोष्ट आहे. वाटेकडे पाहत चालावे लागते म्हणून वाटेवरचे दिसते. पहिल्या गावाबाहेर पडताच आकाशातून किंचाळी ऐकू येते आणि एक जादूगार धप्पकन पुढ्यात पडून मरतो. त्याच्याजवळच्या रोजनिशीत त्याच्या नव्या उड्डाणमंत्राची टिपणे असतात आणि सोबत मंत्राच्या तीन गुंडाळ्या. मंत्र उत्तम चालतो. खाली कसे उतरायचे, एवढाच विचार त्याने केलेला नसतो. ती गुंडाळी वापरून न पाहिलेला खेळाडू असेल असे मला वाटत नाही, आणि पहिल्या खेपेस तिच्या पायी न मेलेलाही. याच मालिकेच्या २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये होकायंत्रावर खूण आली, आणि तेव्हापासून मी दृश्याऐवजी त्या खुणेकडे पाहत चालतो, हे मला कबूल करावे लागते.

म्हणजे जुने ते सोने नाही. काही अडचणी हाच खेळ होता आणि काही अडचणी नुसत्याच अडचणी होत्या, आणि नंतरच्या निर्मात्यांनी दोन्ही एकाच झाडूने लोटून टाकल्या, एवढी माझी तक्रार आहे.

जुनी डिस्क

बाकी चर्चा जाणकारांवर सोपवून मी फक्त हे खेळ कसे चालवावेत ते सांगतो, कारण गोडी न लागण्याचे कारण पुष्कळदा तिथेही असते.

जुन्या खेळांपैकी कित्येकांत वेग संगणकाच्या वेगाशी बांधलेला होता. आजच्या प्रोसेसरवर ते मोकाट सुटतात, पात्रे धावत नसून निसटत आहेत असे वाटते, आणि आपल्याला वाटते की खेळच वाईट होता. डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) सायकल्सचा, म्हणजे नकली प्रोसेसरच्या वेगाचा, आकडा कमी-जास्त करून हा वेग जागेवर आणता येतो. पडद्याचे प्रमाणही तपासा. ३२० गुणिले २०० चे चित्र तेव्हाच्या मॉनिटरवर उभट ताणले जाऊन दिसत असे, त्यामुळे दुरुस्ती न करता लावले तर सगळी माणसे बुटकी आणि रुंद दिसतात.

‘अल्टिमा ७’ (१९९२) खेळणार असाल तर तो आजच्या संगणकावर चालवणारा ‘एक्झल्ट’ हा प्रोग्राम वापरा. मूळ खेळाला स्वतःची ‘व्हूडू’ नावाची मेमरी-व्यवस्था होती आणि तिचे ईएमएम३८६ या डॉसच्या मेमरी सांभाळणाऱ्या प्रोग्रामशी हाडवैर होते, त्यामुळे केवळ या एका खेळासाठी वेगळी बूट फ्लॉपी तयार करून संगणक तिच्यावरून सुरू करावा लागे. कॉन्फिग-सिस या संगणक सुरू होतानाच्या सूचनांच्या फाईलमधली एकेक ओळ खोडून मेमरीचा एकेक किलोबाइट वाचवायचा, हा खेळाआधीचा खेळ होता, आणि त्यात जिंकल्याचा आनंद मला पुढच्या राक्षसांपेक्षा कमी वाटला नाही. पीठ, पाणी आणि भट्टी वापरून त्या खेळात पाव भाजता येतो, हे मी ज्याला त्याला बोलावून दाखवत असे. ‘एक्झल्ट’ला मूळ खेळाच्या फायली द्याव्या लागतात, त्याचप्रमाणे ‘मॉरोविंड’साठीच्या तशाच ‘ओपन-एमडब्ल्यू’ या प्रोग्रामलाही. ‘डॅगरफॉल’ (१९९६) २००९ पासून अधिकृतपणे मोफत आहे, आणि त्याच्यासाठी ‘डॅगरफॉल युनिटी’ हा तसाच प्रोग्राम आहे.

२००८ मध्ये सुरू झालेल्या जीओजी या खेळांच्या ऑनलाइन दुकानात यांतले बहुतेक खेळ मिळतात आणि ‘अल्टिमा ४’ तर फुकट मिळतो. तिथे खेळासोबत पुस्तिकाही पीडीएफ स्वरूपात असते. ती कृपा करून छापून घ्या. पडद्यावर खेळ आणि पडद्यावरच पुस्तिका, असे केले की पुढची पायरी ब्राउझर हीच असते.

ज्यांना जुना ‘विझार्ड्री’ थेट पचणार नाही त्यांच्यासाठी २०२४ मध्ये त्याची नवी त्रिमित आवृत्ती आली आहे. तिच्या पोटात ॲपल २ वरची मूळ आज्ञावलीच आहे, आणि हवे तर तो जुना पडदा कोपऱ्यात चालू ठेवता येतो. अशी जपणूक सगळ्यांच्या नशिबी नसते. ‘आइसविंड डेल २’ (२००२) ची मूळ आज्ञावली न सापडल्यामुळे त्याची सुधारित आवृत्ती करता आली नाही, असे त्या मालिकेचे काम करणाऱ्या ‘बीमडॉग’ कंपनीने उघड सांगितले होते. तुमची वही त्या दृष्टीने बरीच सुरक्षित राहिली म्हणायची.

चौकटीची वही

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मी खेळत होतो.

भुयारवासी यांचे ऐकून मी ‘विझार्ड्री’ची जुनीच आवृत्ती इम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) लावली, जुनी डिस्क यांचे ऐकून पुस्तिका छापून घेतली, आणि ब्राउझर बंद ठेवून वहीचे कोरे पान उघडले. पहिल्या दोन पातळ्यांचे नकाशे नव्याने काढले आणि मग जुन्यांशी ताडून पाहिले. बरेचसे जुळले. त्या वयात माझ्या रेघा अधिक सरळ येत होत्या, ही एक अपमानास्पद बाब सोडली तर सगळे ठीक होते.

त्याहून खालच्या पातळीच्या जुन्या पानावर मात्र एक विचित्र प्रकार आहे. पान पुरले नाही म्हणून उजव्या बाजूला आणखी एक कागद चिकटवलेला आहे, आणि त्यावर पुढचे सहा-सात चौकोन काढून शेवटी तीन प्रश्नचिन्हे दिली आहेत. म्हणजे माझ्या नकाशाप्रमाणे ही पातळी सव्वीस-सत्तावीस चौकोन रुंद होती. भुयारवासी म्हणतात त्याप्रमाणे ती वीसच असायला हवी.

या वेळी त्या जागी पोचल्यावर मी जादूगाराकडून ‘डुमॅपिक’ हा मंत्र म्हणवला. मंत्रांच्या पहिल्या पायरीवरचाच मंत्र आहे. वर जाणाऱ्या जिन्यापासून तुम्ही पूर्वेला किती, उत्तरेला किती आणि खाली किती, एवढेच तो सांगतो. उत्तर आले: पूर्वेला १९. एक पाऊल पुढे टाकून पुन्हा म्हणवला. पूर्वेला ०. त्या भुयाराला कडाच नाही. उजवीकडून बाहेर पडलेली वाट डावीकडून आत येते. चिकटवलेल्या कागदावरचे ते सहा-सात चौकोन म्हणजे त्याच पानाच्या डाव्या बाजूचे, मी आधीच काढून ठेवलेले चौकोन होते. ते ओळखीचे आहेत हे माझ्या तेव्हा लक्षात आले नाही, आणि त्या प्रश्नचिन्हांपाशी मी खेळ सोडून दिला होता.

‘डुमॅपिक’ तेव्हाही माझ्या जादूगाराच्या यादीत होता. पण माझ्याकडे पुस्तिका नव्हती, कोणाकडून तरी उतरवून घेतलेली नुसती फ्लॉपी होती. तो मंत्र लढाईत चालत नाही एवढे पाहून मी त्याला निरुपयोगी ठरवले होते. वहीच्या मागच्या पानावर मंत्रांची यादी आहे आणि त्याच्यापुढे मी ‘बाद’ असे लिहिलेले आहे. म्हणजे भुयारवासी यांच्या हिशेबाने मी त्या काळीदेखील अर्धाच खेळ खेळत होतो, आणि तरीही माझी झोप उडाली होती. तिसरा फासा आणि रात्रपाळी यांनी याचा काय अर्थ लावायचा तो लावावा; मी ‘बाद’ हा शब्द शाईने खोडला आहे आणि चिकटवलेला कागद तसाच ठेवला आहे.

कडेचे कोडे सुटल्याच्या भरात मी जरा पुढे गेलो, अंधाऱ्या पट्ट्यात शिरलो, फिरत्या चौकोनाने तोंड भलतीकडे वळवले, आणि पुढच्या दारामागे सहाच्या सहा जण पडले. इथे मागचा सेव्ह नाही. त्यांची शवे पूर्वेला ७, उत्तरेला १२ इथे पडलेली आहेत, तसे वहीत लिहून ठेवले आहे. वर नवी तुकडी तयार केली आहे. जादूगाराला सध्या तीन प्राणांक आहेत, त्यामुळे त्यांना आणायला निघायला अजून बराच अवकाश आहे.